पाचवे गृहीतक



भूमितीचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेतली छडी आठवते. पण भूमितीच्या इतिहासात एक लढा आहे, आणि कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला तो फार जवळचा वाटतो. “हे असेच चालत आले आहे” या वाक्याविरुद्धचा तो लढा.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमिती पाच गृहीतकांवर उभी केली. पाचव्याचा सोपा अर्थ असा : रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. पहिल्या चारांइतके हे उघड नव्हते, म्हणून ते सिद्ध करण्यासाठी विद्वान दोन हजार वर्षे झटले. १७३३ मध्ये इटलीतील साकेरीने उलट गृहीत धरून पाहिले. खरी विसंगती हाती लागली नाही. तरी निकाल त्याने युक्लिडच्याच बाजूने दिला!

पुढचे पाऊल टाकले ते आडबाजूच्या माणसांनी. व्होल्गाकाठच्या कझान विद्यापीठातील लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये, आणि ट्रान्सिल्व्हेनियातील तरुण लष्करी इंजिनिअर यानोश बोल्याई याने १८३२ मध्ये, एकमेकांची ओळखदेख नसताना, छापून सांगितले की अशा अनेक समांतर रेषा मानल्या तरी सुसंगत भूमिती उभी राहते. तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते.

त्या काळी गणितात गाउसच्या शब्दाला फार वजन होते. त्याला यातले पुष्कळसे आधीच उमगले होते. पण अडाण्यांचा गिल्ला नको म्हणून ते छापण्याचे तो टाळतो, असे त्याच्या १८२९ च्या पत्रात दिसते. बोल्याईचे वडील त्याचे जुने स्नेही. त्यांना त्याने कळविले की, तुमच्या मुलाची स्तुती करणे म्हणजे माझीच स्तुती करणे होईल. मुलाने पुढे गणितावर काही छापले नाही. लोबाचेव्हस्कीची १८३४ मध्ये पीटर्सबर्गच्या नियतकालिकात टवाळी झाली. दृष्टी गेल्यावर त्याने शेवटचा ग्रंथ तोंडी सांगून लिहविला आणि १८५६ मध्ये तो वारला. गाउसची खाजगी पत्रे त्याच्या मरणानंतर छापली गेली, तेव्हा कोठे जगाचे लक्ष इकडे वळले. थोरांनी गप्प बसावे आणि लहानांनी सोसावे, हा प्रकार केवळ गिरणीतच चालतो असे नाही.

या वक्र भूमितीत गूढ काही नाही. पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर ध्रुवावरून सरळ विषुववृत्तावर उतरा, त्यावरून पाव फेरी मारा आणि पुन्हा ध्रुवावर या. त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन. बेरीज २७० अंश! मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळून जाते, ती याच कारणाने.

१८५४ मध्ये रीमानने गटिंगेनच्या व्याख्यानात ही वक्रता खुद्द अवकाशाला लावली. त्याच गणितावर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभारला, आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वळलेला मोजला गेला. आज टॅक्सीवाला मोबाइलवर रस्ता पाहतो, त्या उपग्रहांची घड्याळे गुरुत्व व वेग यांमुळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटर पळतो. म्हणून ही दुरुस्ती आधीच करावी लागते.

युक्लिड खोटा ठरला नाही. सुताराचा गुण्या आजही त्याचेच ऐकतो. खोटा ठरला तो “याखेरीज दुसरे काही असूच शकत नाही” हा दावा. असा दावा कोणीही केला, तरी त्याच्याकडे पुरावा मागण्याचा आपणा सर्वांना अधिकार आहे.