बाहुला-खलनायकांचे रूपबदल

भयपटातील खलपात्र पुढील भागात परत आणताना त्याचा चेहरा, मुखवटा किंवा वेश बदलला, की मूळ चित्रपटाच्या चाहत्यांमध्ये त्याचे पडसाद उमटतात. खलपात्र बाहुला असेल, तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नट वयोमानाने बदलतो आणि प्रेक्षक ते समजून घेतो. बाहुल्याला वय नसते. त्याच्या चेहऱ्यात झालेला प्रत्येक बदल कोणीतरी जाणूनबुजून केलेला असतो आणि म्हणून त्याचा जाब विचारता येतो. अमेरिकेतील 'चाइल्ड्स प्ले' मालिकेतील चकी आणि मराठीतील 'झपाटलेला' या चित्रपटातील तात्या विंचू ही या प्रकारची दोन ठळक उदाहरणे होत. हे दोघेही २०१३ साली पडद्यावर परतले.

मूळ रूपे

'चाइल्ड्स प्ले' हा टॉम हॉलंड दिग्दर्शित चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. चार्ल्स ली रे हा खुनी मरताना मंत्राच्या साहाय्याने आपला आत्मा दुकानातील एका बाहुल्यात घालतो, ही त्याची कल्पना डॉन मॅन्सिनी यांची. बाहुल्याच्या रूपाची आखणी निर्माते डेव्हिड कर्शनर यांनी केली आणि यांत्रिक बाहुला केव्हिन येगर यांनी घडविला. तांबडे केस, गालांवर ठिपके, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आणि निळी डंगरी असे त्याचे निरागस रूप त्या काळी अमेरिकेत लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या बाहुल्यांवर बेतलेले होते. कथानक पुढे सरकते तसा हा चेहरा हळूहळू राकट आणि माणसासारखा होत जातो. त्यासाठी वेगवेगळ्या टप्प्यांवरील निरनिराळे बाहुले तयार केले होते. रूपबदल हा चकीच्या जन्मापासूनच त्याच्या कथेचा भाग होता, ही गोष्ट पुढील वाद समजून घेताना महत्त्वाची ठरते.

महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' १९९३ मध्ये आला. त्याची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेली असली, तरी त्याचा साज पूर्णतः मराठी आहे. तात्या विंचू हा कुख्यात गुंड बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो आणि पोलिसांच्या गोळीने मरताना एका बाहुल्यात शिरतो. हा बाहुला बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेल्या लक्ष्या बोळके याच्या हाती पडतो. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची, तर तात्या विंचू दिलीप प्रभावळकर यांचा. बाहुला हाताळला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी घडविलेल्या 'अर्धवटराव' या बाहुल्याची परंपरा त्यांच्याकडे आधीपासून होती. चकीमागे यंत्रांचा ताफा होता. तात्या विंचूमागे मराठी रंगमंचावरील बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा अनुभव होता. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तो परदेशी खेळणे वाटला नाही. अर्धवटरावाला पाहून हसलेल्या प्रेक्षकालाच तात्या विंचूची भीती वाटली. १९९५ मध्ये हा चित्रपट 'खिलौना बना खलनायक' या नावाने हिंदीत आला.

टाके घातलेला चकी

चकीच्या चेहऱ्यातील सर्वांत मोठा बदल 'ब्राइड ऑफ चकी' (१९९८) या चौथ्या भागात झाला. तिसऱ्या भागाच्या शेवटी नष्ट झालेल्या बाहुल्याचे अवशेष त्याची प्रेयसी टिफनी जमविते आणि शिवून पुन्हा उभे करते. परिणामी चेहऱ्यावर जाड टाके, पिना आणि व्रण आले. खेळण्याचे निरागसपण येथे संपले. काहींना हे नवे रूप अधिक भयानक वाटले. काहींच्या मते मात्र निरागस चेहरा आणि क्रूर कृत्य यांतील विसंगती हेच चकीचे बळ होते आणि चेहराच क्रूर दिसू लागल्यावर ती विसंगती उरली नाही. हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. चौथ्या आणि पाचव्या भागांत मालिका भयाकडून विनोदाकडे वळली, त्यामुळे नव्या चेहऱ्याविषयीची आणि नव्या सुराविषयीची नाराजी एकमेकींत मिसळून गेली. गंमत अशी, की पुढे हाच टाके घातलेला चेहरा अनेकांना 'खरा' चकी वाटू लागला.

२०१३ : चेहऱ्याखालचा चेहरा

मॅन्सिनी यांनी 'कर्स ऑफ चकी' (२०१३) मध्ये मालिका पुन्हा गंभीर भयपटाकडे नेली. प्रदर्शनापूर्वीच्या झलकीत चकी टाक्यांविना, गुळगुळीत चेहऱ्याचा दिसला. चाहत्यांनी दोन तक्रारी केल्या : व्रण गेले कुठे, आणि हा चेहरा पूर्वीच्या बाहुल्यासारखा का दिसत नाही? चेहरा फुगीर आणि परका वाटतो, असे अनेकांचे म्हणणे होते.

पहिल्या तक्रारीचे उत्तर चित्रपटातच दडलेले होते. कथेच्या मध्यावर एका पात्राला बाहुल्याच्या त्वचेचा थर सुटलेला दिसतो. तो सोलला असता आत जुने टाके तसेच असल्याचे उघड होते. गुळगुळीत चेहरा हे चकीने व्रण लपविण्यासाठी घेतलेले सोंग होते. प्रेक्षकाने ज्याला चूक म्हटले, तेच कथेचे रहस्य निघाले. दुसरी तक्रार मात्र या युक्तीने मिटली नाही. वर चढविलेला थर कथेला सोयीचा असला, तरी मूळ बाहुल्याची ठेवण त्यात सापडत नव्हती. २०२१ ते २०२४ या काळात प्रसारित झालेल्या 'चकी' या दूरचित्रवाणी मालिकेत बाहुल्याचा चेहरा आरंभीच्या चित्रपटांतील रूपाच्या जवळ नेण्यात आला.

या काळात ब्रॅड डूरिफ यांचा आवाज कायम राहिला, हेही नोंदविले पाहिजे. २०१९ मध्ये लार्स क्लेव्हबर्ग यांनी पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा मॅन्सिनी आणि कर्शनर यांचा तीत सहभाग नव्हता. आत्म्याऐवजी बिघडलेली संगणकीय यंत्रणा आली, आवाज मार्क हॅमिल यांचा झाला आणि चेहराही नव्याने घडविला गेला. चेहऱ्याचे पहिले छायाचित्र येताच त्यावर टीका झाली. हॅमिल यांच्या कामाची प्रशंसा झाली, पण जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी त्या बाहुल्याला चकी मानण्यास नकार दिला. नाव तेच असले, तरी चेहरा, आवाज आणि कर्ते या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या.

मुखवट्यांची उदाहरणे

'हॅलोविन' मालिकेतील मायकेल मायर्सचा मुखवटाही बाहुल्याच्या चेहऱ्यासारखाच स्थिर आहे. १९७८ च्या चित्रपटात 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कचा, म्हणजे अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा, बाजारात मिळणारा स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून वापरला होता. पुढील भागांतील नवे मुखवटे चाहत्यांना रुचले नाहीत. १९९८ च्या भागात तर एकाहून अधिक मुखवटे वापरले गेले आणि एका दृश्यात तो संगणकावर तयार केलेला होता. जाणकार प्रेक्षक ही दृश्ये आजही वेगळी ओळखतात. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर नेल्सन यांनी मूळ मुखवटाच चाळीस वर्षांनी जीर्ण झालेला दाखविला, आणि त्याचे स्वागत झाले.

'झपाटलेला २'

जून २०१३ मध्ये 'झपाटलेला २' प्रदर्शित झाला. पहिला त्रिमितीय मराठी चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली. मधल्या वीस वर्षांत दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांमुळे तात्या विंचू पुढच्या पिढीच्याही परिचयाचा झाला होता. नव्या तंत्रासाठी पात्र संपूर्णपणे संगणकावर उभे करण्याचा मार्ग मोकळा असूनही कोठारे यांनी तो पत्करला नाही. बाहुल्यामागे पुन्हा पाध्ये आणि आवाजामागे पुन्हा प्रभावळकर होते. चकीच्या वाट्याला आलेला चेहऱ्याचा वाद त्यामुळे तात्या विंचूच्या वाट्याला आला नाही.

प्रेक्षकांना उणीव भासली ती निराळी. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी निधन झाले होते. कथेत लक्ष्याची जागा त्याच्या मुलाने, म्हणजे आदिनाथ कोठारे यांनी साकारलेल्या पात्राने, घेतली. पहिल्या चित्रपटात बाहुल्याची भीती उभी राहत असे ती बरीचशी लक्ष्याच्या चेहऱ्यावर : त्याची उडालेली भंबेरी, आपले कोणी खरे मानत नाही ही त्याची तगमग आणि तीतून फुटणारे हसू. बाहुल्याच्या डोळ्यांत भाव नसतात. समोरचा नट ते पुरवितो. दुसरा भाग पाहणाऱ्यांनी केलेली तुलना म्हणूनच दोन बाहुल्यांमध्ये नव्हती. बाहुला बराचसा जुनाच होता, त्याला घाबरणारा माणूस राहिला नव्हता.