तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी ठेवा

तंजावर म्हटले की आपल्याला बृहदीश्वराचे मंदिर आठवते. त्याच गावात राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली. नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह भोसल्यांनी जपला, वाढवला. त्यावर कळस चढवला तो दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांकडे जवळजवळ किल्लाच उरला. सत्ता गेली, पण राजांनी विद्या धरली. काशीयात्रेतूनही त्यांनी हस्तलिखिते जमवली. देवनागरी छापखाना काढला. जगाचा भूगोल सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत रचली.

ग्रंथालयाच्या दालनात ताडपत्रे, सचित्र पोथ्या, नकाशे पाहायला मिळतात. संग्रहात नेत्ररुग्णांच्या नोंदी व डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. सरफोजींच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, त्यामुळे युरोपीय स्वरलिपीतले संगीतही येथे आहे. शहाजीराजांची मराठी नाटके याच संग्रहात सापडली. महाराष्ट्रात मराठी रंगभूमी उभी राहण्याच्या दीडशे वर्षे आधीची ती नाटके!

एकूण हस्तलिखिते पन्नास हजारांच्या घरात. त्यांत संस्कृत सर्वाधिक, मराठी सुमारे तीन हजार. याशिवाय दरबारच्या मोडी कागदांची रुमालेच्या रुमाले आहेत. पगार, देणग्या, अन्नछत्रे, पत्रव्यवहार, सारा संसार त्यांत आहे.

१८५५मध्ये संस्थान खालसा झाले, तरी संग्रह टिकला. १९१८मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. कागद वाचले, पण ते वाचणार कोण? सरकारी कचेरीत जुने दप्तर हाताळताना हीच अडचण मलाही रोज भेटते. कागद शाबूत असतो, मोडी जाणणारा मिळत नाही. मग सनद आणि रद्दी यांत फरक उरत नाही.

आपणही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारे. आपल्या घरांतही माळ्यावर आजोबा-पणजोबांचे एखादे मोडी बाड असेलच. ते रद्दीत घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवावे. मुलांच्या सुट्टीत मंडळाने मोडीचा वर्ग भरवावा, अशी या गणेशोत्सवानिमित्त विनंती. विद्येच्या देवतेला याहून चांगला नैवेद्य कोणता?