वंगणाची गोळी : दमदम ते काल्पी

१८५७ च्या उठावाची कारणे सांगताना चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख शालेय पुस्तकापासून मोठ्या इतिहासग्रंथापर्यंत सर्वत्र येतो. तो बहुधा एका वाक्यात येतो आणि तेथेच संपतो. ती चरबी गोळीला का लावावी लागे, ती कोणी पुरवली, पुढे ती काढली की राहिली, आणि ज्यांनी काडतुसे नाकारली त्यांच्या हाती प्रत्यक्षात काय ठेवले होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी तसे नाहीत. एका शिशाच्या गोळीवरील बोटभर वंगणाच्या इतिहासात राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील विश्वास कसा नाहीसा झाला, याची सारी हकीकत साठवलेली आहे. ग्वाल्हेर, झांशी आणि काल्पी या परिसरातील मराठी वाचकाला तर ही हकीकत परकी नाहीच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारचा शिपाई जी बंदूक वापरी, तिची नळी आतून गुळगुळीत असे. साच्यात ओतलेली शिशाची गोल गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. त्यामुळे ती सहज खाली उतरे. पण बार उडाल्यावर नळीत आदळत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे नेमका वेध घेणे अवघड होई. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या तर गोळी फिरत जाते आणि दूरवर सरळ जाते, हे ज्ञान जुनेच होते. अडचण एवढीच होती, की गोळीने त्या खाचा पकडायच्या तर ती घट्ट बसली पाहिजे. आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर वेळ फार लागे.

या पेचातून १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए याने वाट काढली. त्याची गोळी लांबट होती व तिचा तळ पोकळ होता. ती नळीत सैल उतरे आणि स्फोट होताच मऊ शिशाचा तळ फुगून खाचांमध्ये रुते. याच तत्त्वावर इंग्लंडात १८५३ ची एन्फील्ड बंदूक तयार झाली. तिच्या नळीचा व्यास .५७७ इंच व गोळीचा .५६८ इंच होता. म्हणजे दोहोंमधील अंतर इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होते. गोळीचे वजन ५३० ग्रेन, आपल्या मापाने जवळजवळ तीन तोळे, असे.

एवढ्याशा फटीत वंगणाचे काम सुरू होई. काळी दारू जळाली की नळीत कोरडा, कडक मळ साचतो. दहा-वीस बारांनंतर तो इतका वाढतो, की पुढची गोळी गजाने रेटूनही उतरत नाही. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावले, तर हा मळ मऊ राहतो आणि पुढची गोळी त्याला पुसत खाली जाते. तेव्हा वंगण ही चैन नव्हती. त्यावाचून ती बंदूक काही बारांनंतर निव्वळ भाला ठरली असती.

काडतूस म्हणजे कागदाची एक नळी. तिच्या एका टोकाला दारू व दुसऱ्या टोकाला गोळी असे आणि गोळीकडचा भाग वंगणात बुडवलेला असे. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडावे, दारू नळीत ओतावी, काडतूस उलटे करून वंगणाचा भाग नळीच्या तोंडात बसवावा, उरलेला कागद तोडून टाकावा आणि गोळी गजाने ठासावी, अशी कवायत होती. वंगण लागलेली बाजू दातांखाली येत नसे, हे खरे; परंतु वंगण उन्हाने पातळ होऊन कागदभर पसरते आणि बोटांनाही लागते. ज्या समाजात स्पर्शाला एवढा अर्थ होता, तेथे ओठ आणि काडतूस यांतील दोन बोटांचे अंतर कोणाचे समाधान करणार?

धोक्याची सूचना वेळेवर मिळाली नव्हती, असेही म्हणता येत नाही. १८५३ साली वंगण लावलेली काडतुसे हिंदुस्थानात प्रथम आली, ती लढाईसाठी नव्हे, तर हवामानाच्या परीक्षेसाठी. येथील उष्मा, दमटपणा आणि धूळ यांत हे वंगण कितपत टिकते हे पाहण्यासाठी ती शिपायांच्या कमरेच्या तोसदानांत महिनोन्महिने ठेवण्यात आली. त्याच वर्षी अ‍ॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते, की वंगणात शिपायांच्या धर्मभावनेला बाधक असे काही नाही याची खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. परीक्षा पार पडली, काडतुसे परत गेली. वंगण कितपत टिकले याचा अहवाल झाला. ते कशाचे होते हा प्रश्न मात्र कागदांतच राहिला.

१८५६ च्या अखेरीस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये नव्या बंदुकीची काडतुसे तयार होऊ लागली. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाला या चरबीवरून टोमणा मारला आणि ती वार्ता छावण्या-छावण्यांतून पसरली. लेफ्टनंट राइट यांनी २२ जानेवारीला ती वरिष्ठांना कळवली. चौकशीत तोफखात्याच्या प्रमुखाला कबूल करावे लागले, की ठेकेदाराने पुरवलेली चरबी कोणत्या जनावराची आहे हे पाहण्याची विशेष काळजी घेण्यात आलेली नव्हती. चाळीस वर्षांनी, १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांनी सरकारी दप्तरांच्या आधारे मान्य केले, की त्या मिश्रणात आक्षेपार्ह द्रव्ये खरोखरच होती. अफवेला आधार होता.

जानेवारी संपण्यापूर्वीच सरकारने हुकूम बदलला. शिक्षणकेंद्रांवर काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत व शिपायांनी बाजारातून स्वतः आणलेले पदार्थ लावावेत, असे ठरले. अंबाल्यास तूप आणि मेण यांचे मिश्रण वापरण्यात आले. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची मुभाही देण्यात आली. कारकुनी दृष्टीने प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात मात्र संशय वंगणावरून उठून कागदावर जाऊन बसला. कागद तुकतुकीत दिसतो, जाळला तर चरबीसारखा तडतडतो, असे शिपाई सांगू लागले. रासायनिक तपासणीत कागदात चरबी सापडली नाही; पण तपासणारा सरकारचाच होता. ज्याच्या पहिल्या शब्दावर विश्वास उरला नाही, त्याचा दुसरा शब्द खरा असला तरी कोण ऐकणार?

या प्रकरणातील सर्वांत विदारक गोष्ट येथून पुढे येते. २६ फेब्रुवारीला बेऱ्हामपूर येथे १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती जुन्या पद्धतीची, वंगण नसलेली होती. २४ एप्रिलला मीरतेस तिसऱ्या रिसाल्यातील निवडक ९० स्वारांपुढे ठेवलेली काडतुसेही जुनीच होती. त्यांपैकी ८५ जणांनी ती घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी सर्व सैन्यासमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. ज्या काडतुसांवरून साम्राज्य हादरले, त्या काडतुसांवर चरबी नव्हती. यावरून शिपाई अडाणी होते असा निष्कर्ष इंग्रज लेखकांनी वारंवार काढला. तो निष्कर्ष खरा नाही. शिपायांची शंका मुळात खरी होती. ती खरी असताना सरकार गप्प राहिले आणि शंकेचे कारण दूर केल्यावर बोलू लागले. खालसा झालेली संस्थाने, बदललेले नोकरीचे नियम, वरिष्ठांचा वाढता उद्दामपणा यांनी मन आधीच भरले होते. वंगणाने त्या असंतोषाला हातात धरता येईल, नाकारता येईल अशी एक वस्तू दिली.

ही वार्ता मराठी मुलखातून गेलेल्या माणसापर्यंतही पोहोचली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि वाटेत त्यांना काडतुसांची हकीकत ऐकावयास मिळाली. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथात एका भिक्षुकाच्या कानी ही बातमी कशी आली ते दिसते. सरकारी अहवालांत न सापडणारी ही बाजू आहे : लोकांनी काय मानले याची नोंद.

वंगणाच्या कथेचा उत्तरार्ध याच गोडशांनी पाहिलेल्या मुलखात घडला. झांशी पडल्यावर राणी लक्ष्मीबाई काल्पीस आल्या. तेथे रावसाहेब पेशव्यांचा तळ होता. किल्ल्यात तोफा ओतण्याचे कारखाने व भुयारी दारूखाना होता. २२ मे १८५८ रोजी गलौली येथे पेशव्यांच्या फौजेने सर ह्यू रोझ यांच्या सैन्यावर भर उन्हात चढाई केली. तोपर्यंत एन्फील्डच्या लांब पल्ल्यापुढे टिकाव धरणे या फौजांना जड गेले होते. त्या दिवशी मात्र मध्य हिंदुस्थानच्या उन्हाळ्याने ती बंदूकच हतबल केली. नळ्या मळाने तुंबल्या, गोळ्या गजाने खाली उतरेनात आणि इंग्रजांचा गोळीबार मंदावला. पेशव्यांचे सैनिक तोफांच्या अगदी जवळ येऊन भिडले. रोझ स्वतः उंटस्वारांची तुकडी घेऊन धावले आणि संगिनींच्या हल्ल्याने त्यांनी प्रसंग सावरला. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली. तेथून मराठी फौज ग्वाल्हेरकडे वळली, १ जूनला तिने शहर घेतले आणि त्याच महिन्यात कोटा की सरायजवळ राणीसाहेबांना वीरमरण आले.

ज्या वंगणासाठी सरकारने एका सैन्याचा विश्वास गमावला, ते वंगण या देशाच्या उन्हात पुरे पडले नाही. उठावानंतर १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास .५५ इंचांपर्यंत कमी करण्यात आला आणि मिश्रणात मेणाला प्राधान्य मिळाले, कारण मेण चरबीइतके लवकर वितळत नाही. मेणाचे हे शहाणपण चार वर्षे आधी सुचले असते तर उठाव टळला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याला ते निमित्त मिळाले नसते. १८६६ नंतर स्नायडर पद्धतीच्या, मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि काडतूस दातांनी फाडण्याचा प्रश्नच इतिहासजमा झाला.

या परिसरातील जुन्या वाड्यांत, शेतांत व किल्ल्यांच्या उतारांवर शिशाच्या गोळ्या सापडतात. त्यांवर धुळीत मिसळलेला चिकट थर किंवा पांढरट भुकटी असते. हवेतील आम्ल वायू व जुनी चरबी यांच्या संयोगाने शिसे असे बदलते. ही भुकटी विषारी असते; म्हणून अशी गोळी हातमोजे घालून हाताळावी आणि मुलांपासून दूर ठेवावी. कौतुकाने ती घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्यावरील पेचदार खाचांचे वळ, साच्याच्या जोडाची रेघ, तळाची पोकळी यांवरून ती कोणत्या बंदुकीची आणि ती झाडली गेली की नाही हे जाणकाराला सांगता येते. सागवानी किंवा शिसवी पेटीत तिला बंद करून ठेवणेही योग्य नव्हे. लाकडातून निघणारी आम्ले शिसे खातात. कोरडी, हवेशीर जागा, आम्लविरहित कागद आणि सापडल्या ठिकाणाची व तारखेची चिठ्ठी एवढे पुरेसे आहे.

ग्रंथालयात जुन्या पोथीवरील डाग आपण पुसत नाही, कारण तो डागही वाचता येतो. गोळीवरचा थरही तसाच आहे. १८५७ साली त्या थरात काय आहे हे वेळेवर आणि खरेखरे सांगणारा कोणी असता, तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या.