दुखणं किती, दहापैकी?

आईच्या फोनमध्ये एक ॲप आहे. ते मी लिहिलंय. रोज सकाळी आठ वाजता ते विचारतं, 'आज किती दुखतंय?' आणि खाली शून्य ते दहा असा स्लायडर येतो. बोटाने सरकवायचा, झालं.

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, आपल्याकडे ज्याला सर्रास संधिवात म्हणतात त्यातला एक प्रकार. शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांवर उलटते. दर तीन महिन्यांनी बार्शीहून पुण्याला डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टर विचारतात, "काय काकू, कसे गेले तीन महिने?" आई म्हणते, "बरंय." नव्वद दिवसांचं उत्तर एका शब्दात! सर्व्हरवर दर मिनिटाला नजर ठेवायची नोकरी करणाऱ्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. दोन शनिवार-रविवार बसून मी ॲप बनवलं. रोजचा आकडा माझ्याही फोनवर येईल अशी सोय केली. तिचा मला विशेष अभिमान होता.

तीन महिन्यांनी आलेख काढला. तीनच्या आकड्यावर एक सरळ रेघ. मला वाटलं, बग आहे. सगळा कोड पुन्हा तपासला. बग नव्हता.

मग मी वाचायला लागलो. दुखणं आकड्यात बसवायचा हा खटाटोप माझ्याआधी कुणी कुणी केला होता?

दुखण्याचं वर्णन जुनंच आहे. आपल्याकडे 'माधवनिदान' या प्राचीन वैद्यकग्रंथात 'आमवात' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात मात्र सांधे सुजले की डॉक्टरांना आधी आठवायचा तो गाऊट, म्हणजे खात्यापित्या श्रीमंतांचा आजार. 1800 साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोवे नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या नऊ बायकांचं वर्णन केलं. तिथे येणाऱ्या बायका गरीब. त्यांचा आजार नेहमीच्या गाऊटसारखा वागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस' हे नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने 1859 मध्ये दिलं.

नाव मिळालं, पण माप नव्हतं. औषधाने फरक पडला की नाही, हे ठरवायचं कसं? विसाव्या शतकाच्या मध्याला डॉक्टरांनी हाताशी असेल ते वापरलं. रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून थोडी हवा भरायची आणि रुग्णाला दाबायला सांगायचं. पारा किती चढला, तेवढी मुठीची ताकद. सोनारांकडे बोटाचं माप घ्यायच्या कड्या असतात, तशा कड्यांनी बोटांच्या सांध्यांची सूज मोजायची.

1968 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी 'रिची इंडेक्स' मांडला. एकेक सांधा दाबून बघायचा. दुखलं नाही तर शून्य. दुखलं तर एक. चेहरा कळवळला तर दोन. कळवळून हातच मागे घेतला तर तीन. ही पद्धत वाचताना मला जरा अंगावर आलं. पण यात एक गोष्ट होती : 'बरंय' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा खोटं बोलत नाही.

1974 मध्ये लंडनच्या हस्किसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये वेदना मोजण्यावर लेख लिहिला आणि दहा सेंटिमीटरच्या रेघेचा पुरस्कार केला. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. रुग्णाने खूण करायची, डॉक्टरने पट्टीने मिलिमीटर मोजायचे. माझा स्लायडर म्हणजे हीच रेघ. मी काही नवीन शोधलं नव्हतं.

या रेघेपेक्षा वेगळा प्रश्न अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राईज यांनी विचारला. किती दुखतंय ते राहू दे, तुम्हाला काय काय करता येतं ते सांगा. 1980 मध्ये त्यांच्या गटाने 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' म्हणजे 'हॅक' प्रसिद्ध केलं. वीस प्रश्न, आठ गट. बुटाची लेस बांधता येते का? भरलेला ग्लास तोंडापर्यंत नेता येतो का? दुधाचा नवा खोका उघडता येतो का? सहज येतं तर शून्य, अजिबात येत नाही तर तीन.

एवढ्या साध्या कागदाला कोण विचारणार, असं वाटेल. पण 1984 मध्ये थिओडोर पिंकस आणि सहकाऱ्यांनी 75 रुग्णांचा नऊ वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांना सुरुवातीलाच रोजची कामं जड जात होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. शर्टाची बटणं लावता येतात का, या प्रश्नाच्या उत्तरात आयुष्याचा अंदाज दडलेला होता. सांधेदुखीने कुणी मरत नाही, ही समजूत तिथे हलली.

पुढे नेदरलँड्समध्ये 1990 च्या सुमारास हे सगळं एका सूत्रात बसवलं गेलं. त्याची सुटसुटीत आवृत्ती, 'डास 28', 1995 मध्ये आली. 28 सांध्यांपैकी किती दुखतात, किती सुजलेत, रक्तातला ईएसआर किती आणि रुग्णाने रेघेवर खूण कुठे केली, या चार गोष्टी. सूत्रात वर्गमूळ आहे, लॉगॅरिदम आहे. माझ्यासारख्याला बघूनच आनंद होतो. उत्तर 2.6 च्या खाली आलं तर आजार शांत, 5.1 च्या वर गेलं तर भडकलेला. एक खोच मात्र आहे : या 28 मध्ये पावलांचे सांधे नाहीत. तळपाय कितीही ठणकले, सांध्यांच्या मोजणीत ते येत नाहीत.

आता प्रश्न असा की, मोजून फायदा काय? याचं उत्तर पुन्हा ग्लासगोतूनच आलं. 2004 च्या 'टायकोरा' अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्या गटाला दर महिन्याला तपासायचं, आकडा काढायचा आणि तो खाली येत नसेल तर औषध वाढवायचं. औषधं नेहमीचीच, नवी महागडी नव्हेत. दीड वर्षाने नेहमीच्या गटात 16 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, मोजणाऱ्या गटात 65 टक्के. नियमित मोजणं आणि त्यावर लगेच हालचाल करणं, हाच मोठा उपचार ठरला.

ॲपची कल्पना इथूनच पुढे सरकते. दर महिन्याला दवाखाना सगळ्यांना जमत नाही, फोन मात्र रोज हातात असतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी 'रेमोरा' प्रकल्पात रुग्णांनी घरून भरलेली लक्षणं थेट दवाखान्याच्या नोंदींत आणली. दोन भेटींच्या मध्ये येऊन गेलेला भडका डॉक्टरांना पडद्यावर दिसू लागला. मँचेस्टरमधूनच निघालेल्या दुसऱ्या अभ्यासात ब्रिटनमधल्या 13,000 हून जास्त लोकांनी नावं नोंदवली. हवा दमट झाली की सांधे धरतात का, हा आपल्या आज्यांचा प्रश्न त्यांनी ॲपवरून तपासला. विश्लेषणाला पुरेल इतकी माहिती 2,658 जणांची मिळाली. उत्तर होतं : हो, पण थोडंसंच.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? बार्शी-पुणे वाटेवर भिगवण लागतं. फ्लेमिंगोंसाठी लोक तिथे जातात, पण 1996 मध्ये तिथे वेगळंच काम सुरू झालं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली, सहा हजारांवर गावकऱ्यांची घरोघरी जाऊन पाहणी झाली. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं होतं. दुखतंय कुठे, हे माणसाच्या चित्रावर दाखवायचं. लोकांनी सांगितलेल्या तक्रारींत हाडं-सांध्यांची दुखणीच सर्वांत पुढे निघाली.

प्रश्नावलीचंही भारतीय रूप झालं. 'टबमध्ये आंघोळ करता येते का' हे बार्शीत विचारून काय कळणार? 2002 मध्ये दिल्लीच्या एम्समधून आलेल्या भारतीय 'हॅक'मध्ये उकिडवं बसणं, मांडी घालणं आलं. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

हे वाचलं तेव्हा मी घरीच होतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं. दुधाच्या हिशेबाशेजारी काही तारखांवर बारीक फुल्या होत्या. मी समजत होतो, दुधाचे खाडे. विचारलं तर आई म्हणाली, "त्या दिवशी कणीक मळता आली नाही, पोळ्या विकत आणल्या. त्याचे पैसे द्यायचे असतात." रविवारांना गोल होते, ते मेथोट्रेक्झेटचे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. त्या महिन्यात फुल्या अकरा होत्या. ॲपवर त्या अकराही दिवशी आकडा तीन.

"मग ॲपमध्ये का नाही टाकलंस?"

"अरे, ते तू बघतोस ना. ऑफिसात बसून काळजी करत बसशील."

पुढच्या भेटीत मी आलेख दाखवला नाही, कॅलेंडरचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी फुल्या मोजल्या, एकेक सांधा दाबून पाहिला, ईएसआर बघितला आणि औषध वाढवलं. त्याआधीच्या भेटीत माझा सरळ आलेख बघून ते म्हणाले होते, छान चाललंय. ते तीन महिने परत येणार नाहीत. तिच्या उजव्या हाताची करंगळी आता पूर्ण सरळ होत नाही.

ॲप मी बदललंय. स्लायडर काढला. आता ते विचारतं : कणीक मळली का? कुकरचं झाकण लागलं का? सकाळी बोटं किती वेळ आखडलेली होती? पाय ठणकले का? आणि हे आकडे माझ्या फोनवर येत नाहीत. भेटीच्या दिवशी आई स्वतः डॉक्टरांना दाखवते. कालनिर्णयवरच्या फुल्याही चालू आहेत. तिला विचारलं, आता दोन्हीकडे कशाला? म्हणाली, "पोळ्यांचा हिशेब तुझ्या ॲपला कळत नाही."