तगर नगरीचे अवशेष

उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार आणि कोल्हापूरचे शिलाहार ही दोन्ही घराणी आपल्या लेखांतून स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. शके ९८२ (इ. स. १०६०) मध्ये अंबरनाथचे शिवालय ज्यांच्या अमदानीत उभे राहिले ते हेच घराणे. समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या या राजांना घाटाच्या पलीकडल्या, शेकडो मैल दूरच्या, आणि एव्हाना भरभराट संपून गेलेल्या एका पेठेचे नाव मिरवावेसे वाटले, ही गोष्ट आम्हांस फार दिवस नवलाची वाटत आली होती. ते तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीकाठचे तेर.

तगराचा महिमा आपल्या पोथ्यांपेक्षा परक्यांच्या वहीत अधिक सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक नावाड्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे बंदरवर्णन आहे. त्यात तो म्हणतो की, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीक जातीचे दगड येत. तगराहून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल आणि पूर्वकिनाऱ्याकडून तेथे आलेला माल. हे सारे धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरत असे. आम्ही मोहगावचे, म्हणजे सौसर-पांढुर्ण्याच्या कापूसपट्ट्यातले. 'जाडेभरडे कापड' हे शब्द वाचून रोमन वैभवाच्या वर्णनांपेक्षा आम्हांस अधिक ओळखीचे काही भेटले.

नगर मात्र विद्वानांस बराच काळ सापडेना. कोणी ते देवगिरीस नेले, कोणी जुन्नरास, कोणी धारूरास. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले आणि पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी येथील विटांची जुनी देवळे अभ्यासून जगापुढे मांडली. पुढे १९५८ च्या सुमारास चापेकरांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, त्यानंतरही वेळोवेळी खणती झाल्या, आणि सातवाहनकालीन संपन्न वस्तीचे थर उजेडात आले.

उत्खनन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे खांब आणि फरसबंद राजमार्ग येतील. तसे तेरला काही नाही. आपल्याकडे शेतीच्या जमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. शतकानुशतके चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून जी टेकाडे होतात, त्यांतच आपली जुनी नगरे असतात. तेरचे नगर असे पांढरीत आहे. पायांखाली खापऱ्या लागतात, पावसाने कडा धुतली की मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. परंतु पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून ती वाहून नेण्याची रीतही महाराष्ट्रात जुनीच आहे. अशी किती तगरे गाड्या भरभरून शेतांत पसरली गेली असतील, कोण जाणे!

तेरचे पुष्कळ धन वाचले ते येथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. गावात सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जन्मभर निष्ठेने जमविल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे आहे. या संग्रहातील वीतभरही नसलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आम्ही किती वेळ पाहत राहिलो ते सांगवत नाही. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि तिच्या जातकुळीची आणखी एक आपल्याच भोकरदनला मिळाली. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकेही सापडली आहेत. सोन्याचे नाणे परवडत नसेल त्याने मातीचे गळ्यात घालावे, ही हौस आम्हांस मोठी मनुष्यस्वभावाची वाटली.

पुढे काळ पालटला. इ. स. ३३० मध्ये रोमन सम्राटाने राजधानी कॉन्स्टँटिनोपलास नेली आणि ज्यास आपण बायझंटाईन युग म्हणतो ते सुरू झाले. त्या युगातही पश्चिम किनाऱ्यावरील व्यापार चालूच होता. सहाव्या शतकातील कॉस्मस हा ग्रंथकार कल्याणचे नाव मोठ्या बंदरांत घेतो, तेथील तांबे, लाकूड व कापड यांचा उल्लेख करतो. पण तगराच्या हाटाचा तो पूर्वीचा गलबला आता ऐकू येत नाही. याच सुमारास आमच्या भागात वाकाटकांचे राज्य होते. पांढुर्ण्याला दुसऱ्या प्रवरसेनाचा, त्याच्या २९ व्या राज्यवर्षातील ताम्रपट मिळाला आहे. वाकाटकांचा इतिहास आपण वाचतो तो मुख्यतः अशा दानपत्रांतून. परदेशी नाण्यांची जागा भूमिदानाने घेतली. धनाचा ओघ पेठेकडून देवाब्राह्मणांकडे वळला, असे आम्हांस दिसते.

तेरला हे वळण विटांत बांधलेले आहे. त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे. पुढे सपाट छताचा मंडप आहे आणि मागे गजपृष्ठाकार, कमानदार छपराचे विटांचे जुने दालन. आंध्रातील चेजर्ल्याच्या कपोतेश्वर मंदिराचा घाट असाच आहे. कझेन्स यांच्या मते हे दालन मूळ बौद्ध चैत्यगृह होते. ते प्रथमपासून हिंदू देवालयच असावे असे मानणारेही आहेत. आम्हांस पहिले मत अधिक पटते, आणि त्यात भाविकांनी मन खट्टू करून घेण्याजोगे काही दिसत नाही. कारण ज्या वास्तूत पूजा थांबली त्या पांढरीत मिसळून गेल्या. हिच्यात पाऊल उचललेल्या वामनाची स्थापना झाली, म्हणूनच हिचे छप्पर शाबूत राहिले. येथे आजही तेलवात होते. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारचौकट मात्र संग्रहालयात नेऊन ठेवावी लागली. तेराचौदाशे वर्षे ऊनपाऊस सोसलेले ते लाकूड पाहून सुताराच्या हातास नमस्कार करावासा वाटतो.

नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. नामदेवांसह साऱ्या संतमंडळीच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के ठरविणारा हा कुंभार याच गावचा. ज्या मातीत सातवाहनांच्या वेळची मडकी फुटून पडली होती, त्याच मातीत तेराव्या शतकात गोरोबांनी चाक फिरविले. आम्ही गेलो तेव्हा समाधीच्या पायरीशी एक म्हातारे वारकरी बसले होते. तगर हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. टेकाडाकडे बोट करून ते म्हणाले, 'ती व्हय? ती जुन्या गावाची पांढर.'