नीलगाईचे गोत्र

प्राण्यांची रूढ नावे शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, सबब ती टाकून द्यावीत, असा आग्रह अधूनमधून मांडला जातो. देवमासा हा मासा नव्हे, खवले मांजर हे मांजर नव्हे, हे खरेच. परंतु त्यामुळे कोणी फसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नीलगाईच्या बाबतीत मात्र हा आग्रह निरुपद्रवी राहिलेला नाही.

नावात गाय आहे म्हणून पिके तुडवली गेली तरी शेतकरी तिला मारावयास धजत नाही. वस्तुतः ती गाय नसून मृग आहे, तेव्हा तिला 'रोजड' वा 'वनरोज' म्हणावे, अशी सूचना उत्तर भारतात पुढे आली. म्हणजे शास्त्राची साक्ष काढली ती बंदुकीच्या परवान्यासाठी.

ही साक्ष तपासून पाहू. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ साली या प्राण्यास दिलेले जातिनाम 'ट्रॅगोकॅमेलस', म्हणजे बोकड-उंट. पुढे ब्लेनव्हिलने दिलेले प्रजातिनाम 'बोसेलाफस', म्हणजे बैल-हरिण. चार जनावरांची मोट बांधणारे हे नाव शास्त्रीय, आणि 'नीलगाय' तेवढे भाबडे! शिवाय आजचे वर्गीकरण तिला गाई-म्हशींच्याच उपकुलात बसवते. खऱ्या हरणांचे कुल निराळे. चूक काढायचीच तर ती रंगात निघेल: निळसर करडा असतो तो नर, मादी पिंगट.

नाव ठेवणाऱ्यांनी हिला गोठ्यातली गाय मानले होते, असे समजणे हाच मुळात भाषेविषयीचा गैरसमज आहे. नैयायिकांचे उपमान प्रमाण येथे आठवते. गवय गाईसारखा असतो, हे नगरवासी माणूस वनवासीकडून ऐकतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला की 'गवय' हा शब्द कोणाचा वाचक आहे, हे त्यास उमगते. (गवय म्हणजे नीलगाय की रानटी बैल, याविषयी मतभेद आहेत, मुद्दा त्यावर अवलंबून नाही.) सादृश्य ही ओळखीची वाट असते, ऐक्याचा दावा नसतो.

आणि नावाची ढाल तरी कितीशी टिकली? केंद्राने बिहारमध्ये नीलगाईला उपद्रवी ठरवल्यावर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यावरून प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी या दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. त्या वेळी नाव 'नीलगाय' हेच होते.

विदर्भात तिला रोही म्हणतात. त्या नावात गाय नाही. तुरीच्या राखणीसाठी शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण तेथेही चुकलेले नाही.