दोन घरांची एक बोली

ज्या संगणक-आज्ञावलींचा मूळ पाठ कोणासही वाचतां व बदलतां येतो, त्यांस मुक्त आज्ञावली म्हणतात. परंतु पाठ उघडा ठेवला म्हणजे ज्ञान आपोआप शेजारीं पोहोंचतें, असें मात्र नाहीं.

१९९६ सालीं जर्मनींतील मथियास एट्रिख या विद्यार्थ्यानें लिनक्ससारख्या यंत्रणा सामान्य माणसास सुलभ व्हाव्यात म्हणून 'केडीई' हा उपक्रम आरंभिला. त्याच्या पायाशीं असलेलें 'क्यूटी' हें साहित्य त्या काळीं पुरतें मुक्त नव्हतें. म्हणून १९९७ सालीं मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनीं 'ग्नोम' हा निराळा संसार थाटला. पुढें २००० सालीं क्यूटी मुक्त झालें, तरी घरें दोनच राहिलीं, आणि एका घरच्या आज्ञावलीस दुसरीची बोली कळेना.

त्याच सालीं ग्नोमचे हॅवॉक पेनिंग्टन यांनीं 'फ्रीडेस्कटॉप' ही सामाईक ओसरी उघडली. तेथें हुकूम कोणाचाच नव्हता. उभयतांनीं बसून समान संकेत ठरवावे, इतकेंच. आज्ञावलींनीं परस्परांस निरोप द्यावे यासाठीं केडीईपाशीं 'डीकॉप' नांवाची सोय होती. तिच्यापासून धडा घेऊन या ओसरीवर 'डी-बस' सिद्ध झाली. आणि २००८ सालीं आपल्या चौथ्या आवृत्तींत केडीईनें स्वतःची डीकॉप सोडून तीच स्वीकारली. २००९ सालीं दोघांचीं वार्षिक संमेलनें ग्रान कनारिया बेटावर एकत्र भरलीं.

शेजाऱ्यास शिकविणें सोपें आहे, हें मी मास्तरकींत पाहिलें. आपलाच धडा त्याच्या हातून सुधारून परत आला असतां तो नम्रपणें घेणें, हें कठीण. ज्ञानाची खरी देवघेव तेथेंच सुरू होते.